कड्यावरच्या गणपतीला जायचं, पण चौदाजणींनी

बेलापूरच्या आमच्या बचत गटात आम्ही चौदाजणी आहोत. कुणी घरकाम करते, कुणी डबे देते, एक मासळी विकते. बैठक, हप्ता, कर्जाची वही, सगळं तुमच्यासारखंच. यंदा वहीत एक नवं पान उघडलंय, ‘सहल’. कर्ज वसूल करण्यापेक्षा चौदाजणींना एका गाडीत बसवणं अवघड आहे, हे त्या पानाने आम्हांला दाखवलं.

जायचंय आंजर्ल्याला. रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, जोग नदीच्या मुखाशी हे गाव आहे. खाली माडा-पोफळीच्या वाड्या आणि समुद्र, वर डोंगरावर उजव्या सोंडेचा कड्यावरचा गणपती. वरून सुवर्णदुर्ग दिसतो. पूर्वी हर्णैकडून येताना खाडी होडीने ओलांडावी लागे. आता पूल झालाय आणि गाडी देवळापर्यंत चढते. हे ऐकलं तेव्हाच आमच्या गुडघेदुखीच्या दोन मावश्यांनी नाव दिलं.

पैशांचं आधी ठरवलं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, ती अडीनडीच्या कर्जासाठी आहे. सहलीचे दरमहा वेगळे १५० रुपये, म्हणजे वर्षाला एकीचे १,८०० आणि सगळ्यांचे मिळून २५,२००. एकीचं काम सुटलं, तिचे तीन हप्ते राहिले. ती म्हणाली, “माझं नाव काढा.” नाव काढलं नाही. वाटेतल्या दशम्या, चटणी आणि लाडू ती करणार, आणि त्याची रक्कम तिच्या नावावर वहीत जमा होणार. उपकार नाही, हिशोब आहे. एसटीत मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पनवेलहून दापोलीपर्यंत एसटीने जाणं स्वस्तच. तुमच्या गटाला ते जमत असेल तर तसंच करा. आम्हांला वाटेत हवं तिथे थांबायचंय, म्हणून गाडी घेतोय.

मग तारीख. पावसाळा नको, यावर वाद झाला नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, त्यात दोन एसटी गाड्या गेल्या. तिथे आता नवा पूल आहे, पण घाटात कोसळणारा पाऊस तोच आहे. शिमग्यात कोकणातली घरं भरलेली असतात. मार्चमध्ये किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात, ती बघायची फार इच्छा होती. पण तिघींची मुलं दहावीला. तेव्हा कासवं राहिली आणि जानेवारी ठरला. एक म्हणाली, जानेवारीत हळदीकुंकू असतं. यावर आमच्यातली एक विधवा मैत्रीण हळूच म्हणाली, “सहलीला तरी मला बोलावणं आहे ना?” त्यानंतर तारखेवर कुणी बोललं नाही.

रस्ता पनवेल, पेण, माणगाव, महाड आणि तिथून मंडणगडवरून खाली आंजर्ल्याकडे. पाचजणींनी सांगितलं, महाडवरून जायचं आणि चवदार तळ्यावर उतरायचं नाही, हे होणार नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं, आणि त्यांचं मूळ गाव आंबडवे हेही मंडणगड तालुक्यातच. “उशीर होईल,” अशी कुरकुर झाली. आम्ही कागदावर वेळ मांडली. देवळाला एक तास, तळ्यालाही एक तास. मासळीवालीला हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव बघायचाय, तिला अर्धा तास दिला. तिला तो पुरणार नाही, हे आत्ताच दिसतंय.

आता खरा प्रश्न. आपण बायका प्रवासात पाणीच पीत नाही, कारण उतरायचं कुठे? महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चाललंय, कुठे किती अडकू याचा नेम नाही. म्हणून निघायचं पहाटे पाचला आणि दर दीड तासाला थांबायचं. कुणी मागो न मागो, थांबायचंच. कुठे स्वच्छ सोय आहे, ते या रस्त्याने गावी जाणाऱ्या ओळखीच्या बायकांना विचारून लिहून घेतलंय. घाटात ज्यांना मळमळतं त्या पुढे बसतील, सोबत आलं-लिंबू आणि पिशव्या. चालकाला अट एकच, अंधार पडायच्या आत घाट उतरलेला हवा.

मुक्काम आंजर्ल्यातल्याच एका घरी. तिथली वहिनी स्वतः रांधते. फोनवर आम्ही आधी संडास किती ते विचारलं, मोदकांचं मग. ताटाच्या दरावर घासाघीस केली नाही. आमच्या डब्याच्या दरावर कुणी घासाघीस केली की कसं वाटतं, ते आम्हांला ठाऊक आहे.

एवढं सगळं जमलं, तरी एकीचं घरून अडलं होतं. सासूबाई म्हणाल्या, दोन दिवस स्वयंपाक कोण करणार? आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. सतरा आसनी गाडीत जागा उरत होती, म्हणून म्हटलं, तुम्हीच चला. त्यांनी समुद्र बघितलाय तो वाशीच्या खाडीपुलावरून, तेवढाच. दुसऱ्या दिवशी होकार आला. मुलगा आता कुकर लावायला शिकतोय. सासूबाईंनी खिडकीची जागा मागितलीय, आणि खिडकी आधीच सहाजणींनी मागून ठेवलीय. पुढच्या बैठकीत तोच विषय आहे.