मोटारीची नाडी : पेट्रोलचा दाब आणि गळती

चढावर मोटार दम टाकूं लागली, सकाळीं इंजिन सुरू होण्यास नेहमींपेक्षां अधिक वेळ लागूं लागला, किंवा वेगानें जातां जातां गाडीला आचके बसूं लागले, कीं बहुतेक गृहस्थ ती गॅरेजांत नेऊन सोडतात आणि बिलाची वाट पाहतात. 'पंप गेला,' असें मिस्त्री सांगतो. पंप बदलला जातो, पैसे दिले जातात, आणि आठ दिवसांनीं पुन्हां तोच चढ व तोच दम! अशा प्रसंगीं दोष पंपाचा नसून निदानाचा असतो. नाडी न पाहतां औषध देणाऱ्या वैद्याला कोणी शहाणा म्हणत नाहीं. मग दाब न मोजतां पंप बदलणाऱ्याला तरी तसें कां म्हणावें? परंतु प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. दाब कमी होण्याचें एक कारण गळती हें आहे, आणि पेट्रोलच्या गळतीकडे दुर्लक्ष करणें म्हणजे गाडींत बसणाऱ्यांचा जीव धोक्यांत घालणें होय.

पेट्रोल टाकींतून इंजिनापर्यंत कसें पोहोंचतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत, उदाहरणार्थ मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमिअर पद्मिनींत, कार्बोरेटर असे. त्याला पेट्रोल पुरविणारा पंप इंजिनाच्याच गतीनें चाले. त्याच्या आंत एक लवचिक पडदा खालींवर होई आणि त्या हालचालीनें पेट्रोल टाकीकडून ओढलें जाऊन पुढें ढकललें जाई. कार्बोरेटरला वातावरणाच्या दाबाच्या सुमारें चौथ्या हिश्श्याइतका दाब पुरतो. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या गाडींत विजेचा पंप टाकींतच बुडालेला असतो आणि तो बहुधा ३ ते ४ बार, म्हणजे वातावरणाच्या तिप्पट-चौपट, दाबानें पेट्रोल धाडतो. इंजेक्टर म्हणजे क्षणमात्र उघडून मिटणाऱ्या बारीक तोट्या. त्यांनीं किती वेळ उघडें राहावें, हा हिशेब दाब ठराविक आहे असें गृहीत धरूनच केलेला असतो. दाब उतरला कीं तितक्याच वेळांत पेट्रोल कमी येतें, मिश्रणांत हवेचें प्रमाण वाढतें आणि इंजिन अर्धपोटीं राहतें. चढावर लागणारा दम तो हाच.

निदानाचा पहिला टप्पा कान आणि डोळे यांचा आहे. टाकींत पेट्रोल आहे कीं नाहीं, ही शंका हास्यास्पद वाटेल. परंतु टाकीचा कांटाही खोटें बोलूं शकतो, हें विसरूं नये. नंतर किल्ली फिरवावी, मात्र इंजिन सुरू करूं नये. बहुतेक गाड्यांत मागच्या बाजूनें दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकूं येते. तो पंपाचा आवाज. तो आलाच नाहीं, तर पंपाला दोष देण्यापूर्वीं फ्यूज, रिले आणि तारा तपासाव्या. तारेचा जोड गंजला असल्यास पंपाला पुरेसा व्होल्टेज मिळत नाहीं आणि चांगला पंपही मंद चालतो. अशा वेळीं नवा पंप बसविला तरी तोही मंदच चालणार.

आवाज आला म्हणजे दाब आहेच, असें मात्र नाहीं. त्याकरितां दाबमापक, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेंतील गेज, लावावा लागतो. कित्येक गाड्यांत इंजेक्टरांच्या नळीवर चाकाच्या व्हॉल्व्हसारखें एक तोंड यासाठींच ठेवलेलें असतें. आलेला आंकडा दुसऱ्या गाडीशीं नव्हे, तर त्याच गाडीच्या कारखान्यानें दिलेल्या आंकड्याशीं ताडून पाहावा. इंजिन संथ चालत असतां दाब बरोबर, पण भार पडतांच तो उतरतो, असें दिसल्यास पुढें पुरेसें पेट्रोल जात नाहीं हें उघड आहे. येथें पहिला संशय फिल्टरवर घ्यावा. तो पंपाच्या मानानें स्वस्त असतो, आणि चोंदणें हा त्याचा धर्मच आहे.

ज्या गाड्यांत जास्तीचें पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी असते, तेथें दाब आवरून धरणारा रेग्युलेटर इंजिनाजवळ असतो. त्याला इंजिनाच्या शोषणाशीं जोडणारी एक बारीक रबरी नळी असते. संथ चालणाऱ्या इंजिनावर ती काढली, कीं दाब सुमारें अर्धा बार चढला पाहिजे. तो चढला नाहीं, तर रेग्युलेटर बिघडला असेल किंवा ती नळीच फुटली अथवा चोंदली असेल. त्या नळींत पेट्रोलचा ओलावा आढळला, तर मात्र रेग्युलेटरमधील पडदा फाटला हें निश्चित समजावें.

इंजिन बंद केल्यावर गेज लगेच काढूं नये; खरी परीक्षा तेथेंच आहे. निरोगी गाडींत दाब कांहीं काळ टिकून राहतो. कांटा मिनिटा-दोन मिनिटांतच शून्याकडे घसरला, तर पेट्रोल कोठेंतरी निसटत आहे. तें कोठें निसटतें, हेंही शोधतां येतें. परतीची रबरी नळी चिमट्यानें दाबून धरल्यावर कांटा स्थिर राहिला, तर दोष रेग्युलेटरचा. पुरवठ्याची नळी दाबल्यावर तो स्थिर राहिला, तर पंपांतील एकमार्गी झडप पेट्रोल मागें सोडते. दोन्ही नळ्या दाबूनही कांटा उतरतच आहे आणि बाहेर कोठेंही ओल नाहीं, तर एखादा इंजेक्टर आंतल्या आंत ठिबकत असला पाहिजे. सकाळीं उशिरां सुरू होणारें व सुरू होतांच काळा धूर ओकणारें इंजिन पुष्कळदां हीच तक्रार करीत असतें. चिमट्याचा हा उपाय फक्त रबरी नळीसाठीं आहे. प्लॅस्टिकची नळी त्यानें तडकते.

गळती म्हटली, कीं जमिनीवरचा थेंब डोळ्यांसमोर येतो. परंतु न दिसणारी गळतीही असते. जुन्या पंपाचा पडदा फाटला, कीं पेट्रोल इंजिनाच्या तेलांत उतरूं शकतें. तेलाची पातळी आपोआप वाढली आणि तेल मोजण्याच्या पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर गाडी तेथेंच थांबवावी. पातळ झालेलें तेल बेअरिंगांचें रक्षण करीत नाहीं. दुसरा प्रकार याहून फसवा. टाकी आणि जुना पंप यांमधील नळीला बारीक चीर पडली, तर बाहेर थेंबही न येतां आंत हवा शिरते. जमीन कोरडी, पण दाब कमी!

बाहेरची गळती मुख्यत्वें रबराच्या वार्धक्यामुळें होते. उष्णतेनें नळ्यांना भेगा पडतात, क्लिपा सैल होतात, आणि उभ्या गाडींत शिरलेले उंदीर नळ्या कुरतडतात. इथेनॉलचीही भर पडली आहे. भारतांत २०२२ मध्यें पेट्रोलमधील त्याचें सरासरी प्रमाण १० टक्क्यांवर पोहोंचलें, आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली. त्यासाठीं न बनविलेलें जुन्या गाड्यांतील रबर फुगूं किंवा मऊ पडूं शकतें. म्हणून अशा गाडीच्या नळ्या फुटण्याची वाट न पाहतां, त्या मिश्रणाला योग्य अशा नव्या नळ्या घालणें इष्ट.

या सर्व कामांत एक गोष्ट क्षणभरही विसरतां कामा नये. पेट्रोल नव्हे, तर त्याची वाफ पेटते. हवेच्या शंभर भागांत दीड भागाएवढी वाफ मिसळली तरी ठिणगी पुरते. ही वाफ हवेहून तिप्पट-चौपट जड असल्यामुळें जमिनीलगत पसरत दूर जाते. म्हणून काम उघड्यावर करावें. उजेडासाठीं काडी कधींही ओढूं नये, विजेरीच वापरावी. नळी सोडण्यापूर्वीं पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें, म्हणजे दाब उतरतो. नंतर बॅटरीची तार सोडावी आणि जोडाभोंवतीं फडकें गुंडाळावें. जवळ कोरड्या भुकटीचें अग्निशामक असावें. पाणी ओतल्यास पेट्रोल त्यावर तरंगून आग पसरते. ज्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्यें फवारलें जातें, तेथें दाब शंभर बारच्याही वर जातो, आणि आधुनिक डिझेल इंजिनांत तो हजार बारच्या पलीकडे असतो. ती धार कातडी भेदून शरीरांत शिरते. त्या नळ्यांना घरच्या माणसानें हात लावूंच नये.

प्रत्येकानें मिस्त्री व्हावें, असा याचा अर्थ नव्हे. परंतु पंप बदलण्यापूर्वीं 'दाब किती आला, आणि इंजिन बंद केल्यावर तो किती वेळ टिकला?' एवढे दोन प्रश्न विचारणें कोणत्याही मालकाला शक्य आहे. ज्याच्यापाशीं त्यांचीं उत्तरें आंकड्यांत आहेत, त्याच्या हातीं गाडी निर्धास्तपणें द्यावी. आणि गाडींत बसतांच पेट्रोलचा वास आला, तर कोणताही प्रश्न न विचारतां किल्ली तशीच काढावी, मुलाबाळांना खालीं उतरवावें आणि त्या दिवशीं बसनें जावें.