फुंकरीचा पेला

प्राचीन काळीं कांचेचा पेला दुर्मिळ व महाग असे; कारण कांच साच्यांत ओतून पात्र घडविणें फार वेळखाऊ होतें. हा पालट कशानें झाला? एका फुंकरीनें. ख्रिस्तपूर्व ५० च्या सुमारास सिरिया-पॅलेस्टाइनकडील कारागिरांनीं तप्त कांचेचा गोळा नळीनें फुंकला, आणि क्षणांत पात्र आकारास आलें. पुढें रोममध्यें असा पेला तांब्याच्या एका नाण्यास मिळे, असें भूगोलज्ञ स्ट्रॅबो सांगतो; सोन्यारुप्याचीं पानपात्रें त्यापुढें मागें पडल्याची नोंद प्लिनीनें केली आहे. घडविणारे मात्र बहुतेक अनामिकच राहिले. इ. स. पहिल्या शतकांतील एन्निऑननें साच्यांत फुंकलेल्या पेल्यांवर आपलें नांव उठविलें, आणि कांहींवर विकत घेणाराचें स्मरण राहो, अशी इच्छाही! घेणारे विस्मृतींत गेले. फुंकणाराचें नांव त्या ठिसूळ कांचेनें सुमारें २,००० वर्षें जपलें.