चैत्राच्या यात्रेत तान्हं बाळ

चैत्र पौर्णिमेच्या आठवड्यात धाराशिव जिल्ह्यातल्या लेकुरवाळ्या घरांची धांदल उडते. कळंब तालुक्यातल्या येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडे निघते आणि भाविक शेतात चुनखडी वेचतात. त्यातच कुणाचं जावळ, कुणाचं लग्न. पारा मात्र 40 अंशांच्या आसपास असतो.

तान्ह्या बाळाला घाम कमी येतो, अंग लवकर तापतं. म्हणून प्रवास सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावरच करावा. जाड कुंची घरीच बरी. सुती झबलं पुरतं.

उन्हाळ्यात बाळाला वरचं पाणी पाजावं, असा घरोघरी आग्रह असतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्याची गरज नाही. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं; यात्रेतल्या पाण्यानं मात्र जुलाब लागू शकतात. बाळाला वारंवार अंगावर पाजावं. आईनंही भरपूर पाणी प्यावं. पाहुण्यांच्या सरबराईत तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. दिवसातून सहा वेळा लंगोट ओला झाला, तर दूध पुरतं आहे असं समजावं. लघवी कमी झाली, टाळू खोल गेली किंवा बाळ मलूल पडलं, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते.