उपदेश आणि भाकरी



ख्रिस्ती मंडळीचे खरे कार्य कोणते? शुभवर्तमान सांगणे, की दीनदुबळ्यांची सेवा करणे? मी धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. म्हणून हा प्रश्न मी एका कारखान्याच्या दाराशी नेऊन पाहणार आहे.

विल्यम बूथ हे पूर्वीचे मेथडिस्ट उपदेशक. १८६५ साली त्यांनी लंडनच्या ईस्ट एन्डमध्ये, गोरगरिबांच्या वस्तीत, धर्मप्रचार सुरू केला. त्याच कार्याला १८७८ साली मुक्तिफौज हे नाव मिळाले. १८८२ साली ही फौज मुंबईस आली. नगरचे बूथ रुग्णालय आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेलच.

आत्म्याचे तारण हे बूथ यांचे ध्येय अखेरपर्यंत राहिले. परंतु उपाशीपोटी, थंडीत काकडणाऱ्या माणसाच्या कानांत उपदेश शिरत नाही, हे त्यांनी रोज पाहिले. १८९० साली त्यांनी पुस्तक लिहून हिशेब मांडला. इंग्लंडात सुमारे तीस लक्ष माणसे, म्हणजे दहांत एक, दैन्यात बुडालेली आहेत. भाड्याच्या गाडीचा घोडा पडला तर लोक त्याला उठवतात. त्याला दाणा, निवारा आणि काम मिळते. माणसाला निदान तेवढे तरी मिळावे, एवढीच त्यांची मागणी होती.

त्या काळी आगकाड्यांना पांढरा फॉस्फरस लावीत. त्याच्या वाफेने कामकऱ्यांच्या जबड्याचे हाड सडे. १८८८ साली ब्रायंट अँड मे या कारखान्यातील सुमारे चौदाशे बायका-मुलींनी संप केला होता. बूथ यांनी १८९१ साली स्वतःचा कारखाना काढला, तांबडा फॉस्फरस वापरला आणि मजुरीही अधिक दिली. दहा वर्षांनी तो बंद झाला. पण काडी करण्यासाठी कोणाचा जबडा जावा लागत नाही, हे लोकांना दिसले. १९०८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी आली.

आता दुसरी बाजू. याच फौजेच्या हॅनबरी स्ट्रीटवरील कारखान्यात बेकारांना अन्न, आसरा आणि थोडे हातखर्चाचे पैसे देऊन सुतारकाम करवून घेत. सुतारांच्या संघटनेने हरकत घेतली, की यामुळे आमचे दर पडतात. फौज म्हणे, हे कामगार नव्हेत, आम्ही सावरीत असलेली माणसे आहेत. तेही खोटे नव्हते. पण एकाला जगवताना शेजारच्या मजुराचे ताट हलके होत असेल, तर ती दया अपुरी आहे, असे मी म्हणेन.

मग मंडळीने प्रचार सोडावा काय? मुळीच नाही. जे सत्य वाटते ते सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मीही चाळीचाळींतून युनियनचा प्रचारच करीत आलो. मात्र यंत्रात हात सापडलेल्या मजुराला इस्पितळात नेताना वर्गणीची पावती मागायची नसते. येशूने सांगितलेल्या गोष्टीतला चांगला शोमरोनीही जखमी वाटसरूला कुळ विचारीत बसला नाही.

भाकरीला अट जोडली, की तिचा गळ होतो. आणि नुसती भाकरी देऊन थांबले, तर ही भूक आली कोठून, हे विचारायचे राहूनच जाते. उपदेश जरूर करावा, सेवाही करावी. पण मजुराला त्याचा हक्काचा दाम मिळतो की नाही, हे पाहणेही मंडळीच्याच कामात मोडते. आणि हे मागणे मी केवळ ख्रिस्ती मंडळीपाशी करीत नाही. आपल्या देवळांनी, मठांनी, दर्ग्यांनी आणि आम्हा युनियनवाल्यांनीही याच मापाने स्वतःला मोजावे.