नावाची पहिली आठ अक्षरे

बंगळूरकडील गृहस्थ पुष्कळदा गावाची व वडिलांच्या नावाची आद्याक्षरेच काय ती स्वतःच्या नावाआधी लावतो. मराठी माणसाला मात्र नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव पुरते उच्चारल्यावाचून समाधान वाटत नाही. जुन्या संगणकांना ही ऐसपैस रीत परवडत नसे.

डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास ‘सी’ ही संगणकाची भाषा घडविली. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर अल्प फेरफाराने चालावी, हा तिचा लौकिक. परंतु तिच्यावरील १९७८ च्या मूळ ग्रंथातच एक अट होती: राशीला नाव कितीही लांब द्यावे, जमेस धरली जातील ती पहिली आठ अक्षरे. स्वतंत्रपणे लिहिलेले भाग जेथे एकत्र जोडले जातात, तेथील सामाईक नावांना पीडीपी-११ यंत्रावर सात, तर हनीवेल ६००० वर सहाच अक्षरांची मुभा होती.

१९८३ साली इन्फोसिस पुण्याहून बंगळूरला आली, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली, आणि आज्ञावल्या लिहिणे हा त्या शहराचा व्यवसायच झाला. त्या शहराचे नाव मात्र या अटीत बसत नव्हते. रोमन लिपीत बँगलोर लिहा वा बेंगळूरु, अक्षरे नऊच. पगारपत्रकासाठी कोणी ‘बँगलोरपगार’ व ‘बँगलोरभत्ता’ अशी नावे योजली, तर आठव्या अक्षरापर्यंत दोन्ही सारखीच. यंत्राच्या लेखी पगार आणि भत्ता एकच! भाषांतर करणाऱ्या कंपायलरने तक्रार केली तर नशीब. जोडणीच्या वेळी दोन्ही राशी मुकाट्याने एकाच जागी बसण्याचा संभव असे, आणि मग भत्त्याचा आकडा पगारावर लिहिला जाई. उदार यंत्रावर बिनचूक चाललेली आज्ञावली कंजूष यंत्रावर नेताच अशी बिघडे, हे खरे दुखणे. पुण्याला रोमन अक्षरे चारच. तेथे हा घोटाळा झालाच नसता.

१९८९ च्या अमेरिकी मानकाने आतील नावांना ३१ अक्षरे दिली. सामाईक नावांना मात्र सहाच, कारण जोडणीची जुनी साधने बदलणे भाषाकारांच्या हाती नव्हते. १९९९ मध्ये हे आकडे ६३ व ३१ झाले, आणि नावांत देवनागरीलाही प्रवेश मिळाला. पण सामाईक नावात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सहा अक्षरांइतके मोजावे, असा नियम आहे. ब, अनुस्वार, ग, ळ, ऊकार, र: ‘बंगळूर’ ३६ वर जाते. आजचे बहुतेक कंपायलर याहून उदार आहेत. मानकाची हमी मात्र ‘बंगळू’पर्यंतच. ‘पुणे’ चोविसांत भागते.