घंटीची दोरी



एस.टी.ची पहिली गाडी पुणे-अहमदनगर, म्हणजे आजच्या पुणे-अहिल्यानगर, मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावू लागली. या ७४ वर्षांत प्रवाशाला पुष्कळ सुख लाभले, हे मी आनंदाने मान्य करतो. मला बोलावयाचे आहे ते मात्र घंटीच्या दोरीविषयी.

छताखालून कड्यांतून ओवलेली दोरी आणि चालकाजवळ घंटी. एक टोला, थांबा. दोन टोले, चला. दोरी तुटली तर वाहक गाठ मारी आणि गाडी पुढे जाई. तिकिटांचेही तसेच. पेटी, पंच आणि वेबिल. पंचाला ना वीज लागे, ना परगावचा तंत्रज्ञ.

पुढे वाहकाच्या हाती तिकिटाचे यंत्र आले. बेरजा मांडीत बसण्याचा ताप गेला. हा लाभ लहान नव्हे. परंतु बॅटरी उतरली, कागदाची गुंडाळी अडकली, की भरल्या गाडीत वाहक हतबल होतो. यंत्र कंत्राटदाराचे, ते उघडण्याची मुभा वाहकाला नाही, आगारातल्या मिस्त्रीलाही नाही.

असाच एक वाहक माझ्याकडे आला होता. घाटात यंत्र बंद पडले, पुढच्या थांब्यावर तपासनीस चढला, प्रवासी विनातिकीट सापडले. चौकशी कोणाची झाली? यंत्र पुरविणाऱ्याची नव्हे, वाहकाची! दुरुस्तीचा अधिकार एकाकडे आणि बिघाडाची शिक्षा दुसऱ्याला, हा कोणता न्याय?

यंत्र नको, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक गाडीत छापील तिकिटांचा गठ्ठा असावा. आगारातल्या कामगाराला दुरुस्ती शिकवावी, सुटे भाग द्यावेत. आणि यंत्राचा दोष वाहकाच्या माथी मारू नये.

हा प्रश्न केवळ आम्हा कामगारांचा नाही. आपोआप मिटणारे दार अपघातात अडले, तर ते हाताने उघडण्याची कळ कोठे आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? उद्या गाडीत बसाल तेव्हा ती कळ शोधा. सापडली नाही, तर वाहकाला विचारा. त्यालाही कोणी दाखविली नसेल, तर तक्रार त्याच्यावर करू नका. त्याच्या बरोबरीने करा.