मोदकाच्या दुसऱ्या दिवशी

(इंदूर येथे गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरतीनंतर आणि प्रसादाआधी आरोग्यावर बोलायला उभं राहणं धोक्याचं आहे, हे आम्हाला कळतं. म्हणून आधीच सांगतो, मोदक खाऊ नका असं आम्ही म्हणणार नाही. आम्ही डॉक्टर नाही. मंडळातली पाच माणसं आहोत, सगळी चाळिशी ओलांडलेली. तिघं डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलेले, एक बँकेत, एकाचं दुकान. वर्षभर आम्ही सकाळी चालायला जातो. त्यात जे जमलं आणि जे फसलं, तेवढंच सांगायचं आहे.

सुरुवात गेल्या गणेशोत्सवात, याच सभागृहात झाली. तपासणी शिबिर होतं. कंबर मोजली, तर पाचांपैकी चौघांची नव्वद सेंटीमीटरच्या वर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी नव्वद आणि बायकांसाठी ऐंशी ही धोक्याची खूण मानतात, हे तेव्हा कळलं. पुढे रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी एचबीए१सी चाचणी असते, ती साडेसहा किंवा त्यावर गेली की मधुमेह धरतात. आमच्यातल्या एकाची ८.२ निघाली. त्याला काहीही त्रास होत नव्हता.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. आमच्यापैकी एकाचे वडील खुर्चीवर बसून शिबिर बघत होते. कित्येक वर्षं महाप्रसादाच्या पंगतीत त्यांनी वाढप केलं. जिलबीचं ताट घेऊन ते आले की नाही म्हणायची सोय नसायची. साखरेपायी त्यांचा एक पाय घोट्याच्या वर काढावा लागला. ते आम्हाला म्हणाले, "मला रागावणारे पुष्कळ होते रे. सोबत चालणारं कोणी नव्हतं."

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला आम्ही मंडळाच्या फाटकाशी जमलो.

आता फसलेलं सांगतो. पहिले पंधरा दिवस झोकात गेले. एकाने महागडे बूट आणले, एकाने पोळी बंद केली, एकाने चहा सोडला. नवरात्रात साबुदाण्याची खिचडी सुरू झाली. उपासाला चालते, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; साखर त्याने भराभर चढते. मग दिवाळी, मग लग्नं, मग थंडी. डिसेंबरात एक जण चुकला, तो दुसऱ्या दिवशी लाजेने आला नाही. तो नाही म्हणून दुसरा नाही. तेवीस दिवस फाटकाशी कोणीच नव्हतं. प्रत्येक जण म्हणत होता, एक तारखेपासून नक्की.

एक तारखेला पुन्हा भेटलो, तेव्हा एक विचार सुचला. कार्यालयात एखाद्या दिवशी उशीर झाला, हजेरीपटावर लाल शेरा पडला, म्हणून कोणी राजीनामा देत नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने जाऊन सही करतो. मग व्यायाम एक दिवस चुकला की लगेच राजीनामा का देतो? आम्हाला वाटायचं, शिस्त म्हणजे कधीही न चुकणं. तसं असतं तर सणवार असलेल्या घरात शिस्त टिकलीच नसती.

आणि याचं उत्तर आपल्या पंचांगातच आहे. चतुर्थीला मोदक. दुसऱ्या दिवशी काय? ऋषिपंचमी. ऋषीची भाजी. माठ, अळू, भोपळा, पडवळ, मक्याचं कणीस, तेल-मसाला नावालाच. गौरी येतात त्या दिवशी भाजी-भाकरी, पुरणपोळी दुसऱ्या दिवशी. आपल्या आज्या-पणज्यांनी गोड खाऊ दिलं, पण त्याला शेजार साध्या जेवणाचा दिला. आपण मोदक ठेवले आणि पंचमी विसरलो. मोदकाच्या दुसऱ्या दिवशी काय करतो, यावरच सगळं अवलंबून आहे.

तेव्हा एक वही केली. रोजची सही. नियम एकच: एक दिवस चुकला तर चुकला, कोणी विचारायचं नाही. सलग दोन दिवस सही नसेल, तर उरलेल्या चौघांनी त्या संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बिनसाखरेचा चहा प्यायचा. उपदेश करायचा नाही. चहा पिऊन उठायचं. वर्षात अकरा वेळा असा चहा झाला. एकदा वहिनींनीच फोन करून बोलावलं.

दुसरी गोष्ट, आम्ही कमी ठरवलं. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढं जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. दोन दिवस बैठका, भिंतीला हात टेकून जोर आणि झेपतील तेवढे सूर्यनमस्कार. चाळिशीनंतर स्नायू कमी होत जातात, आणि जेवणातली साखर मुख्यतः स्नायूच उचलतात. म्हणून हे चालण्याइतकंच गरजेचं. रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं शतपावली. पाऊस असला तर गच्चीखालच्या जिन्यात. शतपावलीने जेवणानंतर चढणारी साखर खरोखर कमी चढते.

खाण्यात कोणताही पदार्थ बंद केला नाही. इंदुरात राहून पोहे बंद करणं हे बोलायला ठीक. रविवारी पोहे खातो, जिरावन घालून. वरून दुसरी मूठ शेव घेत नाही. जिलबी पाचात दोन. घरच्या पोह्यांत वाटाणे, शेंगदाणे आणि बाजूला मोड आलेल्या मुगाची वाटी. जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, शेवटी भात. सराफ्यात पाहुणे आले तरच, आणि त्या रात्री घरचं जेवण नाही. गुळाबद्दल एक गैरसमज आमचाही होता. चहात साखरेऐवजी गूळ घातला की झालं, असं वाटायचं. रक्ताला दोन्ही जवळपास सारखेच.

आता हिशेब. एकाचं वजन वर्षात चार किलो उतरलं, एकाचं अजिबात नाही. त्याचा कमरेचा पट्टा मात्र एक भोक आत गेला. ८.२ होती ती ७.१ वर आली, औषधासकट. औषध कोणीही आपल्या मनाने बंद करू नये. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये. साखर एकदम उतरणं हेही तितकंच घातक.

या शहराला व्यायाम नवा नाही. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या निघतात आणि आखाड्यांची पोरं रात्रभर लाठीकाठी फिरवतात. आपण कडेला उभं राहून भुट्टे खात टाळ्या वाजवतो. टाळ्या जरूर वाजवा. भुट्टाही खा, तो भाजलेला असतो.

मंडळाला आमच्या दोन विनंत्या आहेत. महाप्रसादात कोशिंबीर आणि उसळ दुप्पट असावी आणि ती गोडाच्या आधी वाढावी. चहाच्या टेबलावर एक किटली बिनसाखरेची असावी, मागावी लागू नये.

आणि तुम्हाला एक. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला आम्ही फाटकाशी असू. रात्रभर मिरवणूक बघून जाग आली नाही, तर हरकत नाही. परवा या. वहीत जागा पुष्कळ आहे. ज्या काकांची गोष्ट सांगितली, ते गेले आठ महिने फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. सह्या तेच घेतात.

गणपती बाप्पा मोरया!